थेरी पटाचारा : दुःखितांचे माहेर



आपण धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा रिकामा केला. टाक, मूर्ती, देवीची परडी, कवड्यांची माळ, सारे बाहेर काढले. त्या भिंतीवर आता भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. हे आपण समजून-उमजून केले, याबद्दल शंका नाही. परंतु घरातल्या बाईच्या मनात एक प्रश्न पुष्कळदा शिल्लक राहतो. ती तो विहारात विचारत नाही, कारण लोक हसतील अशी तिला भीती वाटते.

प्रश्न असा की, पूर्वी लेकरू तापाने फणफणले, नवरा अंथरुणाला खिळला, पोटचा गोळा गेला, तर मरीआईपुढे जाऊन पदर पसरता येत होता. तिला आई म्हणून हाक मारता येत होती. ती ऐको न ऐको, तिच्यापुढे मोकळेपणी रडता येत होते. बुद्ध तर नवसाला पावत नाहीत, कुणाच्या अंगातही येत नाहीत. मग दुःखाने वेड लागायची पाळी आलेल्या बाईने आता जायचे कुठे? हाक मारायची कुणाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माता रमाईंनाही पंढरपूरला जावे असे वाटत होते, आणि जिथे आपल्या माणसाला बाहेरच उभे राहावे लागते त्या पंढरपूरला जाऊन काय करायचे म्हणून बाबासाहेबांनी नकार दिला होता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या माउलीने चार लेकरे गमावली होती. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. अशा आईला कुठेतरी जाऊन मस्तक टेकावेसे वाटले तर तिला नावे कोण ठेवील?

म्हणून आज मी तुम्हांला थेरी पटाचारा यांचे चरित्र सांगणार आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्ती नगरीत होऊन गेलेल्या या स्त्रीच्या वाट्याला एका दिवसात जे दुःख आले, तेवढे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. ती वेडी झाली. आणि ती बरी झाली. ती कशी बरी झाली, हेच या चरित्रात समजून घ्यायचे आहे.

हे चरित्र आपल्याला कसे कळले?

पटाचारांविषयीची माहिती दोन ठिकाणांहून मिळते. पहिले ठिकाण म्हणजे थेरीगाथा. भिक्खुणी झालेल्या स्त्रियांच्या गाथांचा हा ग्रंथ सुत्तपिटकातील खुद्दकनिकायात आहे. स्त्रियांनी स्वतःच्या अनुभवाविषयी सांगितलेल्या गाथांचा इतका जुना संग्रह जगात फार दुर्मिळ आहे. त्यात पटाचारांच्या पाच गाथा आहेत. शिवाय त्यांच्याकडे शिकलेल्या इतर स्त्रियांच्याही गाथा आहेत. दुसरे ठिकाण म्हणजे अट्ठकथा, म्हणजे मूळ ग्रंथांवर पुढे कित्येक शतकांनी लिहिलेल्या टीका. पटाचारांच्या संसाराची सारी हकीकत या अट्ठकथांतून येते. त्यांत पूर्वजन्मीच्या गोष्टी आणि काही चमत्कारही आहेत. ते बाजूला ठेवले तरी या चरित्रातले काही कमी होत नाही. उलट, ते अधिक आपले वाटू लागते.

श्रावस्तीची लेक

श्रावस्ती ही कोसल देशाची राजधानी. राजा प्रसेनजित याचे ते नगर. आज उत्तर प्रदेशात सहेत-महेत या नावाने तिचे अवशेष आहेत. जवळूनच राप्ती नदी वाहते. तिचेच जुने नाव अचिरवती. हे नाव लक्षात ठेवा, कारण या नदीचा आपल्या कथेशी फार जवळचा संबंध आहे.

या नगरातील एका श्रेष्ठीच्या, म्हणजे धनवान व्यापाऱ्याच्या घरी पटाचारांचा जन्म झाला. हे नाव त्यांना पुढे पडले, असे परंपरा सांगते. पट म्हणजे वस्त्र. अंगावरच्या वस्त्राची शुद्ध हरपून जी फिरली, ती पटाचारा. लोकांनी कुचेष्टेने दिलेले नाव असावे, पण पुढे तेच आदराचे झाले. आपल्या समाजालाही एके काळी कुचेष्टेची नावे होती, आणि पुढे आपण मान वर करून आपली ओळख सांगू लागलो, हे तुम्ही जाणताच.

मुलगी वयात आली तेव्हा आईबापांनी तिला सात मजली वाड्याच्या वरच्या मजल्यावर पहाऱ्यात ठेवले. परंतु मन पहाऱ्यात राहत नाही. घरातल्याच एका नोकर तरुणावर तिचा जीव जडला. आईबापांनी आपल्या बरोबरीच्या कुळातील मुलाशी तिचे लग्न ठरवले. तेव्हा तिने दासीसारखी मळकी वस्त्रे नेसली, केस विस्कटले, हाती पाण्याचा घडा घेतला आणि भल्या पहाटे दासींच्या घोळक्यातून ती वाड्याबाहेर पडली. दोघे दूरच्या एका खेड्यात गेली. तिथे तो शेत नांगरी, रानातून सरपण आणी. सात मजल्यांच्या वाड्यात वाढलेली ती आता स्वतः पाणी भरू लागली, भात कांडू लागली, चूल पेटवू लागली.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवते. मालकाच्या लेकीने नोकराशी संसार मांडला, एवढ्यावरून तिला दोषी ठरवणारे तेव्हाही असतील. आजही मुलाने किंवा मुलीने जातीबाहेर लग्न केले म्हणून त्यांचे मुडदे पाडणारे लोक आपल्या देशात आहेत. परंतु पुढे जेव्हा ही स्त्री तथागतांसमोर आली, तेव्हा त्यांनी तिला या गोष्टीचा जाब विचारला, असे कथेत कुठेही नाही.

माहेरची वाट

दिवस गेले. ती गरोदर राहिली. बाळंतपणाला माहेरी जावे, ही ओढ तिलाही लागली. तुमच्यापैकी कुणाला ती ओढ सांगायला हवी? आईबाप रागावले असले तरी आईबापच, पोटच्या गोळ्यावर ते किती दिवस रागावतील, असे तिला वाटे. नवऱ्याला मात्र भीती होती. तिथे गेलो तर आपली धडगत नाही, म्हणून तो आज नको उद्या करीत राहिला. शेवटी ती एकटीच निघाली. तो मागोमाग गेला. वाटेतच ती बाळंत झाली. आता माहेरी जाऊन काय करायचे, असे म्हणून दोघे लेकराला घेऊन मागे फिरली.

दुसऱ्या खेपेसही असेच झाले. पहिला मुलगा आता चालू लागला होता. तिला पुन्हा दिवस गेले, पुन्हा माहेरची ओढ लागली, पुन्हा नवऱ्याने टाळाटाळ केली, आणि पुन्हा ती निघाली. या खेपेस वाटेत अवकाळी वादळ उठले. विजा कडाडू लागल्या, पाऊस धो धो कोसळू लागला, आणि त्यातच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या.

आडोसा करण्यासाठी नवरा फांद्या तोडायला गेला. तिथे एका वारुळातून साप निघाला आणि त्याला डसला. तो जागच्या जागी गेला. तिला यातले काहीच ठाऊक नाही. ती त्याची वाट पाहत त्या पावसात बाळंत झाली. रात्रभर दोन्ही लेकरांना पोटाखाली घेऊन, हातागुडघ्यांवर ओणवी राहून तिने स्वतःच्या पाठीवर पाऊस झेलला. सकाळी शोधत गेली तर नवरा वारुळापाशी मरून पडलेला. माझ्यापायी हा गेला, असे म्हणून ती रडली आणि मग दोन्ही लेकरे घेऊन श्रावस्तीच्या वाटेला लागली. आता माहेरावाचून तिला दुसरे कोण होते?

वाटेत अचिरवती दुथडी भरून वाहत होती. नुकती बाळंत झालेली बाई. दोघांना एकदम पलीकडे नेण्याचे त्राण तिच्या अंगात नव्हते. तिने थोरल्याला अलीकडच्या काठावर बसवले, तान्ह्याला घेऊन नदी ओलांडली आणि पलीकडे पानांवर त्याला निजवले. थोरल्याला आणण्यासाठी ती पाण्यात परत शिरली. पण तिचा पाय पुढे पडेना, पुन्हा पुन्हा वळून ती तान्ह्याकडे पाही. नदीच्या मध्यावर असताना एक बहिरी ससाणा वरून उतरला आणि मांसाचा गोळा समजून त्याने ते बाळ उचलले. तिने दोन्ही हात उंच करून ओरडून त्याला हाकलण्याचा प्रयत्न केला. अलीकडच्या काठावरच्या थोरल्याला वाटले, आई आपल्याला बोलावते आहे. तो पाण्यात उतरला आणि वाहून गेला.

भगिनींनो, ही गोष्ट सांगताना शब्द अडखळतात. आईची हाक, जी लेकराला जवळ आणण्यासाठी असते, तीच त्याला घेऊन गेली.

ती तशीच पुढे चालू लागली. श्रावस्तीहून येणारा एक वाटसरू भेटला. तिने त्याला आपल्या माहेरच्या घराची खुशाली विचारली. तो म्हणाला की बाई, दुसऱ्या कुणाचेही विचार, त्या घराचे विचारू नकोस. तिने आग्रह धरला तेव्हा त्याला सांगावे लागले. रात्रीच्या वादळात ते घर कोसळले होते. आई, बाप आणि भाऊ तिघेही त्याखाली सापडले होते आणि एकाच चितेवर जळत होते. त्या चितेचा धूर तिथूनही दिसत होता.

नवरा गेला, मुले गेली, आणि ज्या माहेरासाठी ती दोनदा निघाली होती ते माहेरही गेले. त्या क्षणी तिचे भान सुटले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला कळले नाही. ती श्रावस्तीच्या रस्त्यांवर विलाप करीत फिरू लागली. लोकांनी काय केले? वेडी म्हणून तिला हुसकले, तिच्यावर केरकचरा आणि मातीची ढेकळे फेकली. तिचे दुःख कुणी विचारले नाही.

जेतवनात

श्रावस्तीबाहेर जेतवन नावाचा विहार होता. अनाथपिंडिक या दानशूर उपासकाने ती जागा राजकुमार जेत याच्याकडून विकत घेऊन संघाला दिली होती. भगवान बुद्ध तिथे लोकांना उपदेश करीत बसले असताना ही वेडी बाई तिकडे आली. लोकांनी तिला अडवण्याचा प्रयत्न केला. नग्न, चिखलाने माखलेली वेडी बाई सभेत कशी येऊ द्यायची?

आता तथागतांनी काय केले ते एकेक करून पाहा. कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी लोकांना सांगितले की तिला अडवू नका. तिचा विटाळ त्यांनी मानला नाही. ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीवरून हाकलले गेले, त्या आपल्या लोकांना या एका वाक्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, त्यांनी तिला भगिनी म्हणून संबोधले, आणि भानावर ये, एवढेच सांगितले. मंत्र म्हटला नाही, अंगारा लावला नाही, उतारा टाकला नाही. तुझ्या अंगात अमुक आले आहे, तमकीचा कोप झाला आहे, असे सांगितले नाही. मागच्या जन्मीचे पाप फळाला आले, असेही सांगितले नाही. बहीण म्हणून मारलेली ती हाक त्या दिवशी तिला कुणाकडूनही मिळालेली नव्हती. ती ऐकून ती भानावर आली, आपल्या अंगावर वस्त्र नाही हे तिच्या ध्यानात आले आणि ती लाजेने जमिनीवर अंग चोरून बसली.

तिसरी गोष्ट, तिथल्या एका माणसाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. हा माणूस कोण, त्याचे नाव काय, कथा सांगत नाही. पण मला वाटते, थोड्या वेळापूर्वी तिला अडवणाऱ्या गर्दीतलाच तो एक असावा. बुद्धांनी भगिनी म्हटल्यावर त्यालाही ती बहीण दिसली.

चौथी गोष्ट, तिचे दुःख त्यांनी ऐकून घेतले. ससाण्याने नेलेले बाळ, वाहून गेलेला मुलगा, वाटेत मेलेला नवरा, एका चितेवर जळलेले आईबाप आणि भाऊ, सारे तिने सांगितले.

आणि पाचवी गोष्ट, त्यांनी तिला खरे तेच सांगितले. मुले परत येतील अशी खोटी आशा दाखवली नाही. आप्तांच्या मरणाने माणसांनी आजवर गाळलेली आसवे एकत्र केली तर चार समुद्रांचे पाणीही त्यापुढे थोडे पडेल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. म्हणजे हे दुःख तुझ्या एकटीच्या कपाळी लिहिलेले नाही. ते मनुष्यजातीचे आहे. मरणाच्या वेळी मुलगा, बाप, नातलग कुणी कुणाला वाचवू शकत नाही. म्हणून शहाण्याने स्वतःचा मार्ग स्वच्छ करावा. हे ऐकता ऐकता तिचा शोक हलका झाला, असे अट्ठकथा सांगते. तिने प्रव्रज्या मागितली. तथागतांनी तिला भिक्खुणींकडे पाठवले.

भिक्खुणीसंघ हे स्त्रियांचे घर होते. भगवंतांची मावशी आणि त्यांना वाढवणारी महाप्रजापती गौतमी हिने शाक्य स्त्रियांना बरोबर घेऊन, पायी चालत वैशालीला जाऊन हा हक्क मिळवला होता. स्त्रीला धर्माचा अधिकार नाही असे मानणाऱ्या समाजात हे घडले होते. बुद्धांनी स्त्रियांना हीन लेखले, असा आरोप करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९५१ साली एक लेख लिहून सप्रमाण उत्तर दिले, तेही याच संघाच्या आधारे.

पाय धुण्याचे पाणी

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पटाचारा त्या एका दिवसात पुरत्या बऱ्या झाल्या, असे त्या स्वतः म्हणत नाहीत. भान आले, पण मन शांत व्हायला वेळ लागला. त्यांच्या गाथांची सुरुवातच एका खंतीने होते. माणसे नांगराने शेत कसतात, बी पेरतात, धन मिळवून बायकापोरांना पोसतात. मग मी शील पाळते, गुरूची शिकवण आचरते, आळस करीत नाही, तरी मला निर्वाण का लाभत नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. नांगर आणि बी ही उपमा त्यांना कुठून सुचली असेल? त्यांचा धनी शेत नांगरीत होता. त्या खेड्यातले कष्टाचे दिवस त्या विसरल्या नव्हत्या.

मग एके दिवशी त्या पाय धुवीत होत्या. उंचावरून उताराकडे जाणारे पाणी त्यांनी पाहिले, आणि त्या पाण्याकडे पाहता पाहता त्यांचे चित्त एकाग्र झाले. अट्ठकथा आणखी सांगते की पहिल्यांदा ओतलेले पाणी थोडे जाऊन जिरले, दुसऱ्यांदा ओतलेले त्याहून पुढे गेले, तिसऱ्यांदा ओतलेले आणखी पुढे गेले. कुणी बालपणी मरते, कुणी मध्यम वयात, कुणी म्हातारपणी. पण जिरते ते सारेच. नंतर त्या दिवा घेऊन कोठडीत गेल्या, मंचकावर बसल्या आणि सुईने दिव्याची वात खाली ओढली. दिवा विझला, आणि त्याच क्षणी त्यांचे चित्त मुक्त झाले, असे त्या सांगतात.

ज्या पाण्याने मुलगा नेला, त्याच पाण्याकडे पाहून या स्त्रीला शांती मिळाली. कुणी देवी प्रकट झाली नाही. रोज तुम्ही-आम्ही पाय धुतो तेच पाणी, रोज विझवतो तोच दिवा. धम्म समजायला एवढे पुरते, पण त्यामागे मनाची मशागत लागते. धम्मपदातील ११३ वी गाथा परंपरेने पटाचारांच्या नावाशी जोडलेली आहे. उत्पत्ती आणि लय न ओळखता काढलेल्या शंभर वर्षांपेक्षा ते ओळखून काढलेला एक दिवस मोलाचा, असा तिचा भावार्थ आहे.

त्या दुसऱ्यांचे माहेर झाल्या

चरित्र येथे संपत नाही. माझ्या मते खरे चरित्र येथून सुरू होते. ज्या स्त्रीला श्रावस्तीने ढेकळे मारली, तीच पुढे विनयाच्या जाणकार भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली, आणि हा मान खुद्द भगवंतांनी दिल्याची नोंद अंगुत्तरनिकायात आहे. विनय म्हणजे संघाचे नियम. जिला एके काळी स्वतःच्या वस्त्राचे भान नव्हते, ती साऱ्या संघाला शिस्त शिकवणारी झाली.

दुःखी स्त्रिया त्यांच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत तीस थेरींच्या गाथा एकत्र आहेत. पटाचारांनी त्यांना उपदेश केला. मुसळाने धान्य कांडून माणसे पोट भरतात, तसे तुम्ही बुद्धांच्या शिकवणीचे काम करा, ते करून कुणाला पश्चात्ताप होत नाही, पाय धुवा आणि एका बाजूला बसा, असा तो साधा उपदेश होता. त्या स्त्रियांनी तसे केले आणि रात्र सरता सरता त्यांच्या मनातला अंधार फिटला. भात कांडलेल्या हातांनाच मुसळाची उपमा सुचते, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

चंदा नावाची एक विधवा होती. मूल नाही, नातेवाईक नाहीत, अन्न नाही, वस्त्र नाही. हाती भांडे आणि काठी घेऊन सात वर्षे ती दारोदार भीक मागत फिरली. एकदा तिला एक भिक्खुणी दिसली. तिच्याजवळ जाऊन चंदाने प्रव्रज्या मागितली. त्या पटाचारा होत्या. त्यांनी करुणेने तिला जवळ केले, शिकवले, पुढे नेले. भिकारीण म्हणून जिला लोक टाळत, तिची गाथा आज आपण वाचतो.

आणि ज्यांची मुले गेली अशा अनेक स्त्रियाही त्यांच्याकडे आल्या. परंपरा त्यांची संख्या ५०० सांगते. मोठा आकडा सांगण्याची ती जुनी रीत आहे. पटाचारांनी त्यांना काय सांगितले? तो कुठल्या वाटेने आला ते तुला ठाऊक नव्हते, कुठल्या वाटेने गेला तेही ठाऊक नाही. न बोलावता आला, न विचारता गेला. मग माझा मुलगा, माझा मुलगा म्हणून किती रडशील? दुसऱ्या कुणी हे सांगितले असते तर ते कोरडे तत्त्वज्ञान वाटले असते. पण सांगणारीची दोन लेकरे एका सकाळी गेली होती. म्हणूनच ऐकणारीने म्हटले आहे की, काळजात रुतलेला, डोळ्यांना न दिसणारा बाण या थेरीने उपसून काढला.

आपण काय शोधत होतो?

भगिनींनो, आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मरीआईपुढे, यल्लम्मापुढे आपली आई-आजी काय शोधत होती? माझ्या मते ती दैवी शक्ती शोधत नव्हती. ती ऐकणारे माणूस शोधत होती. एरवी जिचे घरात कुणी ऐकत नाही, तिच्या अंगात आले की सारे गाव हात जोडते. तेवढा वेळ ती मनातले बोलून घेते, रडून घेते, ओरडून घेते. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या वाट्याला तीच चूल, तोच मार आणि तेच कर्ज येते. देवीच्या नावाने ती तासभर मोठी होते, आणि जन्मभर लहानच राहते.

त्या देवींना आपण केवढी किंमत मोजली, तेही आठवा. लेकराच्या आजारासाठी कोंबडे-बकरे कापले, सावकाराचे कर्ज काढले, आणि कित्येक घरांनी आपल्या मुली जोगतिणी आणि मुरळी म्हणून सोडल्या. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी याच वर्गातील भगिनींना हे जिणे सोडण्याचे आवाहन केले होते. जी आई लेकी मागते, तिला आई कसे म्हणावे?

पटाचारांना जे मिळाले ते आपणही एकमेकींना देऊ शकतो. तिला अडवू नका, एवढे म्हणणारा एक माणूस. बहीण म्हणून एक हाक. अंगावर टाकायला एक वस्त्र. दुःख ऐकून घेणारे कान. खरे सांगण्याचे धाडस. स्त्रियांचा संघ. आणि बरे झाल्यावर दुसऱ्या दुःखी बाईकडे जाण्याची वाट. यांपैकी एकही गोष्ट आकाशातून पडत नाही. यांतले सारे आपल्या वस्तीत होऊ शकते.

म्हणून एवढे करा. कुणाचे मूल गेले, तर त्या घरी फक्त पाचव्या-तेराव्या दिवसापुरते जाऊ नका. महिन्याने जा, दोन महिन्यांनी जा. तिला तेच तेच सांगू द्या, ऐका. तिचा पायगुण किंवा तिचे पाप काढणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. लेकरू आजारी असेल तर दवाखान्यात न्या. बाईचे मन ठिकाणावर नसेल तर तिला भगताकडे किंवा देवऋषाकडे नेऊन झाडूने झोडपू नका. मनाच्या आजारावरही डॉक्टर आहेत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून तो उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. विहारातल्या महिला मंडळाने वर्षावासात थेरीगाथा वाचायला घ्यावी. आणि वाचून झाल्यावर थोडा वेळ राखून ठेवावा, ज्यात ज्या बाईला काही सांगायचे असेल तिने सांगावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.

बुद्ध मार्ग दाखवणारे आहेत, मोक्ष देणारे नव्हेत, हे आपण धम्मदीक्षेच्या वेळी शिकलो. चालायचे आपल्यालाच आहे. पण एकटीने चालायचे नाही. श्रावस्तीच्या त्या लेकीचे माहेर एका रात्रीत कोसळले. तिने नवे माहेर रडून मागितले नाही, ती स्वतः शेकडो स्त्रियांचे माहेर झाली. तुमच्या शेजारच्या घरी एखादी पटाचारा बसली असेल. आज संध्याकाळी तिच्याकडे जा, आणि बहीण म्हणून तिला हाक मारा.

जय भीम!